वाळूखालचा सडा

“खाणाऱ्याला तोंड एक, राखणाऱ्याला डोळे दोन.”

उर्मिलाकाकीचं हे बोलणं उम्म अल कुवैनमधल्या मराठी घरांत सगळ्यांना पाठ होतं. कुणाच्या पोराला वर्गात कुणी छळलं, काकी हेच सांगायची. कुणाच्या ऑफिसात वरच्या साहेबाने दुसऱ्याचं काम आपल्या नावावर लावलं, तरी हेच. टपून बसलेल्याचं सगळं ध्यान खाण्यावर असतं. जो राखतो त्याने रडायचं नाही, बघायचं. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं, आणि आईला कोंबड्यांनी.

काकी राजापूरकडच्या सड्यावरची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. नजर जाईल तिथवर काळा-तांबूस दगड, त्यावर बोटभर माती, तीही पावसाळ्यापुरती. तिथे साधी खुंटी रोवायची तरी पहार लागते. खुराडं बांधायचं ते चिऱ्याचं, आणि ते बसतं थेट कातळावर. अशा जागी कोंबडीचा वैरी येतो तो आभाळातून. घार गिरकी घेते, तिची सावली अंगणावरून सरकते, कोंबडी घशातून एक लांब आवाज काढते आणि पिल्लं पंखांखाली गडप होतात. मुंगूस यायचं, पण ते दारातून. दार लावलं की मुंगसाचा विषय संपला. काकी मान वर करून वाढली. खालून कुणी येऊ शकतं, हे सड्यावरच्या माणसाच्या स्वप्नातही येत नाही.

लग्न होऊन ती सतीशच्या मागोमाग इकडे आली. सतीश सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. सुरुवातीची वर्षं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या स्टाफ क्वार्टरमध्ये गेली. खिडकीखाली ट्रक, खिडकीत एसी, आणि बाहेर पाऊल टाकायचं तर डांबरावर. लेक इशिता तिथेच शाळेत जायला लागली. मग कारखान्याची दुसरी शाखा उम्म अल कुवैनला निघाली आणि सतीशला खाडीजवळच्या जुन्या वस्तीत एक बैठं घर भाड्याने मिळालं. घराला हौश होता, म्हणजे पुरुषभर उंच भिंत घातलेलं अंगण. घर बघायला गेले तेव्हा सतीशने एसी लावून पाहिला. काकीने चपला काढून अंगणात पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत वाळूत गेला.

“माती नाही, पण आभाळ आहे,” ती म्हणाली, आणि महिना व्हायच्या आत पक्ष्यांच्या बाजारातून तीन तलंगा घेऊन आली. तलंगा म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या.

सतीश तेव्हापासून एकच हिशेब मांडत आला. “उर्मिला, यातलं एक अंडं आपल्याला तीन दिरहॅमला पडतं. म्हणजे सत्तर रुपये. सत्तर रुपयांचं अंडं आपल्या गावात खाईल का कुणी?”

“मग तुम्ही सुपरमार्केटचं खा,” काकी म्हणायची आणि त्याच्याच ताटात घरच्या अंड्याची पोळी वाढायची. तो खायचा. हिशेब पुढच्या सकाळी पुन्हा सुरू.

कोंबडा मात्र तिने पाळला नाही, कारण सतीशला पहाटेची झोप प्यारी. कोंबडा होता पलीकडच्या घरात. तिथे सबा नावाची इथलीच बाई राहायची, काकीच्याच वयाची, तोंडाने फटकळ. तिच्या अंगणात तिच्या आजीपासून चालत आलेल्या कोंबड्यांचं वाण होतं: बुटक्या, तांबड्या, मधूनच एखादी करडी, पण उन्हाला न हरणाऱ्या. दोघींचं बोलणं हिंदीत चालायचं, तेही दोघींनी आपापल्या सोयीने वळवलेल्या हिंदीत. पहिल्याच थंडीत काकीची एक कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू पाहू लागली, तेव्हा काकी सबाच्या दारात जाऊन उभी राहिली.

“अंडा तुम्हारा, मुर्गी मेरी बैठेगी. बच्चा आधा तुमको, आधा हमको. हमारे गाँव में इसको वाटा बोलता है.”

सबाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “नुस्स-नुस्स?”

“नुस्स-नुस्स.”

“बिल्ली खाएगा तो?”

“वाट्याचा माल राखनेवाला देखता है. मैं देखेगी.”

“खलास,” सबा म्हणाली आणि अंडी आणायला आत गेली.

असा वाटा दर थंडीत चालू राहिला. ऊन उतरलं की काकी खजुराच्या पातीचं डालगं खाली घ्यायची. आत तांदळाचा कोंडा, त्यावर विषम संख्येने अंडी, कडेला कोळशाचा तुकडा आणि एक लोखंडी खिळा. आभाळ गडगडलं तर आतला जीव दचकू नये, म्हणून खिळा. इथे आभाळ वर्षातून एखाद-दोनदा गडगडतं, पण काकीने खिळा कधी चुकवला नाही. पिल्लं निघाली की भिजवलेली कणी, बारीक चिरलेला कांदा, आणि पाण्याच्या बशीत खडे, म्हणजे पिल्लू तहानेने पुढे झालं तरी बुडत नाही.

पहिल्या वर्षी कावळ्यांनी चार पिल्लं उचलली. हे कावळेही जहाजांबरोबर आपल्याकडूनच आलेले, असं सतीशने कुठेतरी वाचलं होतं. “आपलेच लोक आपल्याला खातात,” तो म्हणाला. काकी हसली नाही. खाडीवरच्या मच्छीमारांकडून तिने फाटकी जाळी मागून आणली, सुतळीने जोडली आणि हौशच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आभाळ शिवून टाकलं. कावळे भिंतीवर बसून शिव्या घालत राहिले. त्यानंतर कित्येक वर्षं एक पीस हललं नाही. काकी जाळीकडे बोट दाखवून आल्यागेल्याला सांगायची, “बघा. डोळे दोन.”

गेल्या थंडीच्या तोंडावर वस्तीमागचे वाळूचे उंचवटे सपाट करून तिथे नवी घरं बांधायला घेतली. तिथे राहणारे कोल्हे गल्ल्यांत उतरले. एका सकाळी काकी दाणे घेऊन हौशात आली तर जाळी जशीच्या तशी ताणलेली, आणि खाली पिसंच पिसं. एकही कोंबडी जागेवर नाही. भिंतीच्या बुडाशी ताटाएवढं भोक. वाळू बाहेरून उकरलेली, आत ढकललेली.

ती भोकासमोर बसली. इतकी वर्षं तिने वर पाहिलं होतं. पायाखालची जमीन सड्याची नाही, हे पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत पाय रुतला तेव्हाच कळायला हवं होतं.

सतीश चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने भोकाकडे पाहिलं, मग वर जाळीकडे. मग हळूच म्हणाला, “डोळे दोन. पण दोन्ही आभाळात.”

काकी उठली आणि पिसं गोळा करायला लागली.

सबाकडेही तेच झालं होतं. कोंबडा, कोंबड्या, सगळं. आजीपासूनचं वाण एका रात्रीत संपलं. सबा भिंतीपलीकडून म्हणाली, “एक भी नहीं छोड़ा हरामी ने.” आवाज जड होता, आणि तो तसा काकीने आधी ऐकला नव्हता.

राहिलं होतं ते एवढंच: काकीच्या स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत, डालग्यात, एक काळी कोंबडी रवणीला बसलेली होती आणि तिच्याखाली सबाची अंडी होती. दार बंद असल्याने ती वाचली.

शनिवारी इशिता आली. ती बँकेत होती, नवऱ्याबरोबर दुबई मरीनात बत्तिसाव्या मजल्यावर राहायची, आणि आई-बाबांनी तिकडे यावं म्हणून तिने वर्षभर धोशा लावला होता. तिने भोक पाहिलं, पिसं पाहिली.

“आई, इनफ. नाऊ प्लीज बी प्रॅक्टिकल. घर जुनं आहे, बाबांचे गुडघे गेलेत. तिकडे लिफ्ट आहे, खाली क्लिनिक आहे. एक रूम मी तुमच्यासाठीच रिकामी ठेवलीये.”

“लिफ्टचं मलाही पटतं,” सतीश म्हणाला. त्याने काकीकडे पाहणं टाळलं.

“आणि ही काळी?” काकीने विचारलं.

“कुणाला तरी देऊन टाक ना.”

“तिच्याखाली सबाचा वाटा आहे. वाटा अर्ध्यात टाकून कुणी उठत नाही.”

“आई, इट्स चिकन्स.”

सतीशने घसा साफ केला. स्टोअरमध्ये दोन पार्ट्यांचं भांडण लागलं की तो वापरायचा तो आवाज त्याने काढला. “ठीक आहे. असं करू. काळीची पिल्लं निघू देत. त्यांना काळीने तोडेपर्यंत ती सगळी जगली, तर आपण इथेच राहू, मी परत विषय काढणार नाही. पण कोल्ह्याने एक जरी नेलं, तर खलास. कोंबड्या बंद, सामान मरीनाला. बोल.”

कोंबडी पिल्लांना तोडते म्हणजे, ती मोठी झाली की चोचीने टोचून आपल्यापासून दूर करते. त्या दिवसापासून पिल्लू आपलं आपण जगतं.

“ठरलं,” काकी म्हणाली.

“आई, यू विल लूज,” इशिता म्हणाली. प्रेमानेच म्हणाली.

“बघू.”

दुसऱ्या दिवसापासून काकीने भोकाचा अभ्यास धरला. सबाच्या भिंतीलाही तिने जाऊन पाहिलं, मागच्या बखळीतली जुनी उकर पाहिली. सगळीकडे एकच गोष्ट. कोल्हा भिंतीला नाक लावतो आणि नाकाखालीच खणायला लागतो. दोन पावलं मागे सरून तिथून बोगदा काढावा, एवढी त्याची अक्कल चालत नाही. भूक त्याला भिंतीला चिकटवून ठेवते.

“म्हणजे त्याच्या नाकाखाली दगड पाहिजे,” ती सतीशला म्हणाली.

“भिंतीभोवती काँक्रीट टाकायला मालक देणार नाही.”

“काँक्रीट नको. तुम्ही लोक प्लास्टरखाली मारता ती बारीक लोखंडी जाळी. ती उभी नाही, आडवी टाकायची. भिंतीच्या बुडापासून बाहेर हातभर, वाळूखाली. तो खणेल, नखं जाळीला लागतील, पुढे काही नाही.”

सतीशने थोडा विचार केला. “आयडिया वाईट नाही. पण मी न्यूट्रल आहे.”

“मी तुम्हाला कुठे काय म्हटलं?”

दोन संध्याकाळी तिने एकटीने भिंतीबाहेरची वाळू फावड्याने ओढली. गल्लीतून गाड्या जायच्या. राजाभाऊ नावाचे एक ओळखीचे गृहस्थ काच खाली करून म्हणाले, “काय काकी, खजिना पुरताय?”

“हो. तुम्ही उकरायला याल, म्हणून वरून जाळी टाकतेय.”

“कोल्ह्यासाठी एवढं? हबीबी, चिकन फ्रोझन मिळतं.”

“तुम्हाला मिळतं. कोल्ह्याला कोण देणार? म्हणून तो माझ्याकडे येतो. तुम्ही निघा, मागची गाडी हॉर्न मारतेय.”

तिसऱ्या संध्याकाळी सतीशची गाडी दारात थांबली आणि डिकीतून जाळीचं भेंडोळं निघालं.

“हे स्टोअरमधलं नाही,” तो आधीच म्हणाला. “हार्डवेअरच्या दुकानातलं आहे, पावती खिशात आहे. आणि मी अजून तुझ्या विरुद्धच आहे.”

“विरुद्धच राहा. पण ते टोक धरा.”

त्याने टोक धरलं. गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे तो खाली न वाकता पायाने जाळी दाबायचा आणि काकी तिला भिंतीच्या बुडाशी खिळ्यांनी ठोकायची. वर वाळू लोटायची, वाळूवर खडे. काम पुढे सरकत गेलं तसं तिच्या मनात काहीतरी निवळत गेलं. हाताखाली तिला ओळखीचं लागत होतं: वर बोटभर वाळू, आणि खाली ज्याला पहार लागेल असं काहीतरी. या मऊ मुलखात ती आपला सडा अंथरत होती.

शेवटचा कोपरा राहिला आणि खिळे संपले. त्याच सकाळी कोठीत पिल्लं निघाली होती. काकी आत गेली, डालग्यातला खिळा काढून आणला आणि तो त्या कोपऱ्यात ठोकला.

पिल्लं नऊ निघाली. पाच तांबडी, चार करडी. त्यातलं एक करडं लंगडं होतं, आणि सगळ्यांत जास्त भांडकुदळही तेच. काळी त्यांना घेऊन हौशभर मिरवायला लागली. पायाने वाळू उकरून दाखवायची, चोचीत दाणा धरून बोलवायची. भिंतीवर कावळा बसला की तिच्या घशातून तो जुना लांब आवाज निघायचा आणि काकीची मान आपोआप वर जायची. वर जाळी असायची. मग ती मुद्दाम मान खाली घालून भिंतीचं बूड पाहून यायची, सगळीकडून, पायाने चाचपत. सबा गच्चीवरून ओरडायची, “मेरा आधा कैसा है?”

“जिंदा है.”

“इन्शाल्ला बोलो.”

“इन्शाल्ला,” काकी म्हणायची, आणि आणखी एकदा चाचपायची.

पिल्लांना पंख फुटले, माना लांब झाल्या. पुन्हा एका शनिवारी इशिता राहायला आली. मगरिबची बांग होऊन गेली होती, उजेड अजून राखाडी होता. काकी आणि इशिता गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. खाली खुराड्यात काळी पिल्लांना घेऊन बसली होती. तेवढ्यात इशिताने काकीचा दंड धरला.

गल्लीच्या टोकाकडून तो आला. बारीक, वाळूच्या रंगाचा, कान एवढे मोठे की उधार आणल्यासारखे. भिंतीला नाक लावून तो हुंगत चालत आला, थांबला, आणि खणायला लागला.

आवाज ऐकून सतीशही वर आला. त्याने पायातली चप्पल काढली. काकीने त्याचा हात खाली केला.

“अगं, हाकल त्याला.”

“आज हाकलला तर उद्या येईल. खणू दे. कळू दे त्याला.”

वाळू उडाली. मग नखं लोखंडावर घासल्याचा आवाज आला, करकरीत, दातांत जाणारा. कोल्हा थांबला. दोन हात पुढे गेला आणि पुन्हा खणू लागला. पुन्हा तोच आवाज. तो भिंतीच्या कडेने सरकत राहिला, जागा बदलत राहिला. सतीश मनातल्या मनात प्रत्येक जोड आठवत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कोल्हा शेवटच्या कोपऱ्याशी पोचला तेव्हा काकीच्या हातातला टॉवेल पिळ्यासारखा वळला गेला होता. तिथे तो सगळ्यांत जास्त वेळ खणत राहिला. जाळी एकदा वाजली. कोपरा हलला नाही.

मग कोल्हा मागे सरला, वाळूत बसला आणि त्याने वर पाहिलं.

“आई, ही इज ब्युटिफुल,” इशिता कुजबुजली.

“आहेच. मी कुठे कुरूप म्हटलं.” काकी कठड्यावरून वाकली. “काय रे, सड्यावर आलास.”

तो उठला आणि आला तसा गेला, घाई न करता. सतीशने चप्पल पुन्हा पायात घातली. “कोपऱ्याचा खिळा कुठला मारलास?” त्याने विचारलं. तिने सांगितलं. जिना उतरताना तो तिच्या पुढे न जाता मागे राहिला.

सकाळी काळीने पिल्लं तोडली. काकी दाणे टाकत होती, लंगडं करडं नेहमीसारखं आईच्या चोचीखाली घुसलं, आणि काळीने त्याला डोक्यावर टोचलं. ते पुन्हा आलं, पुन्हा टोचलं. मग तिने एकेकाला दूर केलं आणि भिंतीकडे जाऊन एकटीच वाळूत अंग घुसळत बसली.

“बाबा, बघताय ना?” काकी त्याला बाबा म्हणायची ती फक्त लेकीसमोर.

“बघतोय,” सतीश म्हणाला. “हरलो.”

इशिता दारात उभी होती, अनवाणी, हातात मग. “आई, डील बाबांनी केलं होतं. मी नाही. मी पडदेसुद्धा लावलेत त्या रूमला.”

“पडदे राहू देत. येईन की मी, चार दिवस राहायला. पाहुणी म्हणून येईन.”

“बत्तिसाव्या मजल्यावर काहीच येत नाही, आई. कोल्हा नाही, कावळा नाही. यू’ल बी सेफ.”

“तेच म्हणते मी. तिथे बसून मी राखू काय?”

इशिताने बाबांकडे पाहिलं. बाबा चहात पाहत होते. “आणि बाबांचे गुडघे?” ती म्हणाली.

गुडघे खरे होते. काकीने सतीशकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “बैठं घर आहे. गुडघ्यांना जिना एकच, तो गच्चीचा. नाही चढणार मी. वरून बघायचं ते काल बघून झालं.”

काकी कोठीतून डालगं घेऊन आली. पिल्लं पकडायला तिला वेळ लागला नाही. पाचही तांबडी तिने सबासाठी काढली, सबाच्या आजीच्या वाणाच्या अस्सल रंगाची, वर फडकं बांधलं. आपल्याकडे चार करडी ठेवली, लंगड्यासकट.

“नुस्स-नुस्स ठरलं होतं ना?” सतीश म्हणाला. “तिला एक जास्त जातंय.”

“वाट्यात राखणाऱ्याने कमी घ्यायचं. आणि परवा सबाच्या भिंतीला जाळी टाकायचीये. टोक धरायला या.”

तिने डालगं डोक्यावर घेतलं, एका हाताने सावरलं आणि दाराबाहेर पडली. भिंतीच्या कडेकडेने, स्वतः पुरलेल्या जाळीवरून ती चालत गेली. कोल्ह्याने काल उकरलेल्या खड्ड्यांत तिचा पाय रुतत नव्हता. दारात सतीश उभा होता, त्याच्या खांद्यामागे इशिता. आणि गल्लीच्या टोकाला, सपाट करायचा राहिलेल्या शेवटच्या उंचवट्यावर, मोठ्या कानांचं कुणीतरी वाळूच्या रंगात बसून तिच्याकडे पाहत होतं.